सॅक्सोफोन हाती घेण्यापूर्वी

घरात नवे वाद्य आले म्हणजे चार दिवस उत्साहाला भरती येते. पाचव्या दिवशी वाद्य कपाटावर जाते आणि ‘आमच्या चिरंजीवांना सूरच नाही’ असा निकाल लागतो. सॅक्सोफोनच्या बाबतीत हा निकाल बहुधा अन्यायाचा असतो. दोष सुराचा नसतो, पूर्वतयारीचा असतो.

अडॉल्फ साक्स या बेल्जियन कारागिराने १८४६ साली पॅरिस येथे या वाद्याचे पेटंट घेतले. अंग पितळेचे खरे. पण नाद उठतो तो बोरूसारख्या नळाच्या तासलेल्या पत्तीतून. सनईची पत्ती दुहेरी, याची एकेरी. संस्थानी बँडचे सूर ज्यांच्या वाडवडिलांनी ऐकले, त्या आपल्या बडोद्याच्या घरांना हे वाद्य परके वाटू नये. म्हैसूरच्या राजवाड्यातील बँडमध्येच ते ऐकून नागस्वरवादकाचे चिरंजीव कद्री गोपालनाथ (१९४९–२०१९) त्याच्या नादी लागले, आणि १९९४ साली लंडनच्या प्रॉम्स महोत्सवात त्यांनी त्यावर कर्नाटक संगीत ऐकविले.

नवशिक्याने आल्टो जातीचे वाद्य घ्यावे. जुने घेतल्यास आधी जाणकाराकडून तपासून घ्यावे. चावीखालची गादी झिजली की वारा गळतो, आणि विद्यार्थी बिचारा आपल्या छातीला दोष देत बसतो. पत्ती नरम, दीड किंवा दोन नंबरची असावी. ती मिनिटभर पाण्यात भिजवून मुखनळीवर टोकाला टोक जुळवून बसवावी.

गळपट्टा असा बांधावा की मुखनळी आपणहून तोंडाशी यावी. मान वाकवून तोंड वाद्याकडे नेऊ नये. खालचा ओठ दातांवर किंचित दुमडावा, वरचे दात मुखनळीवर हलके टेकावेत, गाल फुगवू नयेत. श्वास पोटातून भरावा. पहिले दोन-तीन दिवस केवळ मुखनळी व तिच्या मागची वाकडी नळी एवढ्यावरच फुंकावे.

मग डाव्या हाताची पहिली तीन बोटे दाबून एकच सूर धरावा. आल्टोवर तो पेटीच्या काळी पाचशी जुळतो. तेव्हा घरातील कोणी पेटीवर तो सूर धरून बसल्यास उत्तम सोबत होते. सनईवाल्याशेजारचा माणूस तासन्‌तास एकच सूर धरतो, त्याला आपण कधी हसत नाही. तोच मान पंधरा मिनिटे आपल्या मुलालाही द्यावा. बोटांची घाई नको. श्वास स्थिर झाला की बोटे मागून येतात.

वादन संपताच पत्ती काढून पुसावी, नळीतील ओल कापडाने टिपावी, आणि मगच वाद्य मिटावे. उद्याच्या रियाजाची तयारी तेथूनच सुरू होते.