लसीकरण पाळण्याशी संपत नाही

मूल जन्मास आले की त्याच्या लसींचा हिशेब घरातील मंडळी डोळ्यांत तेल घालून ठेवतात. दीड महिन्याची लस कोणती, नवव्या महिन्याची कोणती, हे आईला तोंडपाठ असते. चुकलेच तर आरोग्यसेविका घरी येऊन आठवण करून देते. पुढे मूल शाळेत जाऊ लागते, लसीकरणाचे कार्ड कपाटातील कागदांच्या तळाशी जाते आणि तो विषय घरापुरता मिटतो. वस्तुतः तो मिटलेला नसतो. सरकारी वेळापत्रकात दहाव्या आणि सोळाव्या वर्षी प्रत्येकी एक मात्रा सांगितलेली आहे, आणि नऊ ते चौदा या वयातील मुलींसाठी आणखी एका लसीची शिफारस तज्ज्ञांनी केलेली आहे. ज्या वयात मूल सर्वांत निरोगी दिसते, नेमक्या त्याच वयातील या लसी राहून जातात. याला केवळ विसराळूपणा म्हणून चालणार नाही. त्यामागे लाभ आणि खर्च यांचे एक गणित आहे.

दहाव्या वर्षीची लस ‘टीडी’ या नावाने ओळखली जाते. तीत धनुर्वात आणि घटसर्प या दोन रोगांविरुद्धचे घटक असतात. पूर्वी या वयात केवळ धनुर्वाताची लस टोचली जात असे. परंतु बालपणी मिळालेली घटसर्पाविरुद्धची प्रतिकारशक्ती काळाबरोबर क्षीण होते, आणि शाळकरी वयाच्या मुलांत हा रोग पुन्हा दिसू लागला. म्हणून जुन्या लसीच्या जागी ही जोडलस आली. ती सरकारी आरोग्य केंद्रांत विनामूल्य मिळते. टोचल्या जागी एखादा दिवस दुखते, क्वचित अंग कसकसते, एवढाच तिचा सर्वसाधारण त्रास.

या एका सुईत दोन प्रकारचे लाभ आहेत, हे लक्षात घेण्याजोगे आहे. धनुर्वाताचे जंतू माती आणि शेणात असतात व जखमेतून शरीरात शिरतात. हा रोग माणसाकडून माणसाला होत नाही. त्यामुळे त्याविरुद्धचे संरक्षण ज्याचे त्याने घ्यावे लागते; शेजारच्या मुलाने लस घेतली म्हणून आपले मूल सुरक्षित होत नाही. घटसर्पाचे तसे नाही. तो खोकल्या-शिंकेतून पसरतो, आणि वर्गातील बहुसंख्य मुले संरक्षित असली तर रोगाला वाट सापडणे कठीण जाते. अशा सामाजिक लाभाबाबत प्रत्येक कुटुंब दुसऱ्यावर विसंबते. सर्वांनीच असा हिशेब केला, तर सार्वजनिक संरक्षणाची भिंत विटेविटेने ढासळते. सार्वजनिक खर्चाने लस देण्याचे समर्थन येथे आहे.

मुलींसाठी सुचविलेल्या लसीचा लाभ मात्र तिसऱ्याच प्रकारचा आहे. ती गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण होणाऱ्या ‘एचपीव्ही’ या विषाणूविरुद्धची लस होय. या विषाणूचा कर्करोगाशी असलेला संबंध दाखविल्याबद्दल हाराल्ड त्सुर हाउसेन या जर्मन शास्त्रज्ञास २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. जागतिक अंदाजानुसार २०२२ साली भारतात या कर्करोगाच्या सुमारे १ लाख २७ हजार नव्या रुग्ण होत्या आणि सुमारे ८० हजार स्त्रिया त्याने दगावल्या. विषाणूचा संसर्ग तारुण्यात होतो, रोग मात्र बहुधा चाळिशी-पन्नाशीत प्रकट होतो. लस संसर्ग टाळते, झालेला संसर्ग बरा करीत नाही; शिवाय कोवळ्या वयात शरीर तिला अधिक जोमाने प्रतिसाद देते. म्हणूनच ती वयात येण्याच्या सुमारास घ्यावयाची. स्कॉटलंडमध्ये शाळांतून हे लसीकरण २००८ साली सुरू झाले. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, बाराव्या-तेराव्या वर्षी लस घेतलेल्या मुलींपैकी एकीलाही हा कर्करोग झाल्याचे आढळले नाही.

म्हणजे खर्च आजचा आणि लाभ तीस वर्षांनंतरचा. दूरच्या लाभाला माणूस आजच्या हिशेबात कमी मोल देतो, हे अर्थशास्त्राचे जुने निरीक्षण आहे. त्यात आपल्याकडे आणखी एक भर पडते. मुलगी परक्याच्या घरी जाणार, ही समजूत ज्या घरात अद्याप आहे, तेथे त्या लाभाची नोंद माहेरच्या वहीत होतच नाही. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेली देशी लस २०२३ साली खासगी बाजारात आली, तेव्हा तिच्या एका मात्रेचा दर सुमारे २,००० रुपये होता. दोन मुलींच्या कारकून पित्याला हा खर्च पुढे ढकलावासा वाटला, तर त्याला निष्काळजी म्हणता येईल काय?

तात्पर्य, ही लस बाजारावर सोपवून चालणार नाही. राष्ट्रीय तांत्रिक सल्लागार गटाने २०२२ साली ती सार्वत्रिक लसीकरणात घेण्याची शिफारस केली आणि २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात तिला प्रोत्साहन देण्याचा उल्लेख आला. परंतु शिफारस, तरतूद आणि प्रत्यक्ष लस यांच्यामध्ये आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे विश्वास. २००९-१० मध्ये तत्कालीन आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा येथे झालेला प्रयोग याची साक्ष देतो. तेथे सात मुलींचे मृत्यू झाले. ते लसीमुळे झाले नाहीत, असा चौकशीचा निष्कर्ष होता. तथापि अनेक मुलींच्या संमतिपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहप्रमुखांच्या किंवा मुख्याध्यापकांच्या सह्या असल्याचे उघड झाले, आणि संसदीय समितीने २०१३ साली त्यावर कठोर ताशेरे ओढले. उलट सिक्कीमने २०१८ साली आधी शिक्षक आणि पालकांना विश्वासात घेतले व मगच शाळांतून लस दिली. सुमारे ९५ टक्के मुलींपर्यंत ती पोहोचली. लस तीच, फरक वागणुकीचा होता.

या लसीचे नाव काढताच मुलीच्या शीलाची चर्चा सुरू करणारेही काही आहेत. घराला कुलूप लावणारा गृहस्थ शेजाऱ्याला चोर म्हणत नसतो, एवढे त्यांनी ध्यानी घ्यावे. त्याचबरोबर लस म्हणजे सर्वस्व नव्हे, हेही सांगितले पाहिजे. ती विषाणूच्या सर्व प्रकारांना आवर घालीत नाही, म्हणून तिशीनंतरची तपासणी टळत नाही.

पाचवीच्या वर्गशिक्षकाला मुलांचे वय ठाऊक असते, पालक त्याच्या ओळखीचे असतात. पालकसभेत प्रगतिपुस्तकाबरोबर लसीकरणाचे कार्ड मागण्याची रूढी पडली आणि पालकांच्या शंकांना आरोग्य केंद्रातील डॉक्टरांनी तेथेच उत्तर दिले, तर या कामास वेगळी मोहीम क्वचितच लागेल. संमती मात्र पालकांचीच हवी, आणि ती समजून दिलेली हवी. दहा वर्षांच्या मुलीला आपल्या पन्नाशीची चिंता करता येत नाही. ती तिच्या वतीने करणे हे वडीलधाऱ्यांचे काम आहे, आणि त्याची मुदत थोडी आहे.