दवाखान्याचे दप्तर आणि गैरहजर रोगी

मराठी शाळेत पूर्वी तपासणीला दिपोटी यायचे ठरले, की भिंतींना चुना लागे, नकाशांवरची धूळ झटकली जाई आणि हजेरीपटावर केवळ नावापुरती असलेली मुलेही घराघरांतून गोळा करून आणली जात. इंग्लंडमधल्या एखाद्या दवाखान्यावर आज 'केअर क्वालिटी कमिशन' या आयोगाचे तपासनीस यायचे असले, तर तिथेही काहीशी तशीच लगबग उडते. परंतु चुन्याने झाकता येईल असे तिथे फारसे काही उरत नाही, कारण या तपासणीचा खरा रोख भिंतींवर किंवा समोर बसलेल्या रोग्यांवर नसून, त्या दिवशी दवाखान्यात न आलेल्या रोग्यांवर असतो.

ही व्यवस्था का निर्माण झाली, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. 5 जुलै 1948 रोजी आरोग्यमंत्री अन्यूरिन बेव्हन यांच्या कारकिर्दीत राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली, तेव्हा बहुतेक इस्पितळे सरकारच्या ताब्यात गेली. पण कुटुंबाचा डॉक्टर, ज्याला तिकडे 'जीपी' म्हणतात, तो सरकारचा नोकर झाला नाही. सरकारशी करार करून, यादीतल्या माणसांच्या संख्येप्रमाणे मोबदला घेऊन, आपल्याच जागेत आपल्याच मर्जीने काम करणारा तो स्वतंत्र व्यावसायिक राहिला. पैसा खजिन्यातून आणि कारभार खासगी, अशा या तडजोडीत कामाची प्रत कोणी पाहावी, हा प्रश्न मात्र अनुत्तरित राहिला. 1950 साली जोसेफ कॉलिंग्ज या ऑस्ट्रेलियन डॉक्टराने इंग्लंडमधल्या दवाखान्यांची पाहणी करून 'द लॅन्सेट'मध्ये अहवाल छापला, आणि त्यात विशेषतः औद्योगिक वस्त्यांतल्या दवाखान्यांची जी दैन्यावस्था उघड झाली, तिने साऱ्या व्यवसायात खळबळ उडाली. 1952 मध्ये जीपी डॉक्टरांचे स्वतंत्र कॉलेज स्थापन झाले. 1966 च्या सनदेने त्यांना जागेसाठी आणि मदतनिसांसाठी पैसा मिळू लागला. खाणींच्या आणि गिरण्यांच्या गावांत, जिथे जायला स्थानिक डॉक्टर नाखूश असत, तिथे भारतीय उपखंडातून गेलेल्या डॉक्टरांनी दवाखाने चालवले, आणि त्यांत मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयांतून शिकून गेलेलेही होते. जागा सुधारल्या, माणसे वाढली. पण दार लावून घेतल्यावर आत काय चालते, ते पाहणारे नियमित असे कोणी नव्हते.

ही उणीव किती भयंकर ठरू शकते, हे मँचेस्टरजवळच्या हाइड गावातल्या हॅरॉल्ड शिपमन या डॉक्टराच्या प्रकरणाने दाखवून दिले. 31 जानेवारी 2000 रोजी 15 रोग्यांच्या खुनाबद्दल तो दोषी ठरला, आणि पुढे न्यायमूर्ती जॅनेट स्मिथ यांच्या चौकशीने बळींची संख्या किमान 215 असल्याचा निष्कर्ष काढला. यातली अंगावर काटा आणणारी गोष्ट अशी, की हा माणूस गावात लोकप्रिय होता. वेळ देणारा, घरी येऊन पाहणारा डॉक्टर म्हणून लोकांचा त्याच्यावर इतबार होता. अशा नराधमाला पकडणे हे कोणत्याही दवाखाना-तपासणीचे काम नव्हे, आणि ते तिला साधलेही नसते. तरीपण त्याने लिहिलेले मृत्यूचे दाखले एकत्र मांडून कोणी वेळीच वाचले असते, तर संशयाला जागा पुष्कळ आधी मिळाली असती. रोग्याचे समाधान हे उपचाराच्या गुणाचे प्रमाण नव्हे, आणि दप्तर असणे म्हणजे दप्तर वाचले जाणे नव्हे, हे दोन धडे त्या प्रकरणातून निघाले.

2008 च्या कायद्यान्वये केअर क्वालिटी कमिशन हा आयोग स्थापन झाला आणि एप्रिल 2009 पासून त्याचे काम सुरू झाले. एप्रिल 2013 पासून प्रत्येक दवाखान्याला त्याच्याकडे नोंदणी करणे भाग पडले, आणि पुढच्या वर्षी शेरे देण्याची पद्धत आली. सेवा सुरक्षित आहे काय, परिणामकारक आहे काय, तिच्यात आस्था आहे काय, ती लोकांच्या गरजेला तत्परतेने उत्तर देते काय, आणि तिचा कारभार नीट चालतो काय, असे पाच प्रश्न ठरले; आणि 'उत्कृष्ट', 'चांगला', 'सुधारणा आवश्यक' व 'अपुरा' असे चार शेरे. मिळालेला शेरा दर्शनी भागी लावण्याचे बंधन 2015 पासून आहे, आणि सुधारणेची मुदत देऊनही ज्याचा कारभार सुधारत नाही, त्याची नोंदणी रद्द करण्यापर्यंत आयोगाचा अधिकार पोहोचतो.

तपासणीच्या पथकात आयोगाचा तपासनीस असतो, तसाच एक डॉक्टरही असतो. आपत्कालीन औषधांची मुदत, ऑक्सिजनचे नळकांडे, कोऱ्या प्रिस्क्रिप्शनच्या कागदांचा बंदोबस्त, नोकरांच्या पूर्वचारित्र्याचे दाखले, तक्रारींची नोंद, हे सारे पाहिले जाते. पण ज्याला या कामाचे मर्म पाहायचे असेल, त्याने लशींच्या फ्रिजपाशी थांबावे. लशी 2 ते 8 अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहिल्या पाहिजेत, म्हणून रोज त्या दिवसाचे कमाल आणि किमान तापमान वहीत टिपायचे असते. वही बहुधा भरलेली असते, अक्षर सुवाच्य असते, सहीही असते. परंतु एका आठवड्यात कमाल तापमान 8 च्या वर गेल्याचे इमानेइतबारे लिहिलेले असून त्याबद्दल कोणी काहीच केलेले नसले, तर तपासनिसाच्या लेखी त्या सुवाच्य अक्षराचा काही उपयोग नाही. उष्णतेने किंवा गोठून बिघडलेली लस दिसायला पुष्कळदा चांगल्या लशीसारखीच असते. ती टोचून घेतलेले मूल हसत घरी जाते, आणि त्याला संरक्षण मिळालेच नाही, हे त्याच्या आईला कळण्याचा काही मार्ग नसतो.

याहून सूक्ष्म काम पथकातला डॉक्टर संगणकाशी बसून करतो. संधिवातावर दिले जाणारे मेथोट्रेक्सेट हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. ते गुणकारी आहे, पण अस्थिमज्जेला आणि यकृताला अपाय करू शकते, म्हणून मात्रा स्थिरावल्यावरही साधारणतः दर तीन महिन्यांनी रक्त तपासावे लागते. औषध सुरू करतो इस्पितळातला तज्ज्ञ, पुढची प्रिस्क्रिप्शने देतो दवाखाना, रक्त कधी इथे काढले जाते तर कधी तिथे. आणि प्रत्येकाला वाटते की तपासणी दुसरा पाहत असेल. म्हणून हा डॉक्टर मेथोट्रेक्सेट घेणाऱ्या, पण ठरल्या मुदतीत रक्ततपासणीची नोंद नसलेल्या सर्व रोग्यांची यादी काढतो, आणि त्यांपैकी काहींचे कागद उघडून औषध लिहून देण्यापूर्वी अहवाल पाहिला होता काय, याची रुजुवात घेतो. लिथियम आणि वॉरफॅरिन या औषधांचेही तसेच. त्या यादीतले लोक त्या वेळी आपापल्या घरी, बागेत, कामावर असतात. त्यांची काही तक्रार नसते. आणि नेमक्या त्यांच्याचबद्दल दवाखान्याला जाब द्यावा लागतो.

तपासणारेही तपासणीपलीकडचे नाहीत. 2014 साली आयोगाने आकडेवारीवरून दवाखान्यांची धोक्याच्या श्रेणींत वर्गवारी प्रसिद्ध केली, आणि तिच्यात चुका निघाल्यावर त्याला माफी मागावी लागली. पहिली फेरी 2017 मध्ये पुरी झाली, तोवर सात हजारांहून अधिक दवाखाने पाहून झाले होते आणि सुमारे नव्वद टक्के 'चांगला' किंवा त्याहून वरचा शेरा मिळवून होते; पण या फेरीपायी कागद रंगवण्यात रोग्यांचा वेळ गेला, आणि गरीब वस्तीतल्या ओढग्रस्त दवाखान्याला श्रीमंत वस्तीतल्या दवाखान्याचेच माप लावले गेले, ही डॉक्टरांची तक्रार अगदीच निराधार म्हणता येत नाही. 2024 मध्ये सरकारने नेमलेल्या पेनी डॅश यांनी केलेल्या पाहणीत तर आयोगाच्या अखत्यारीतल्या सुमारे पाचांपैकी एका ठिकाणाला कधी शेराच मिळाला नसल्याचे आढळले, आणि आयोग आपल्या कामास लायक उरलेला नाही, असे खुद्द आरोग्यमंत्री वेस स्ट्रीटिंग यांनी जाहीर केले. शेरा जुना झाला, की तो दारावर असून नसल्यासारखाच. तरीही इंग्लंडने तपासणी मोडीत काढली नाही. ती सुधारण्याचे ठरवले, आणि माझ्या मते तेच योग्य झाले, कारण एका शब्दाचा शेरा उद्या गेला तरी चालेल, पण गैरहजर रोग्यांची ती यादी काढणारा कोणीतरी बाहेरचा माणूस हवाच.

आपल्याकडचा 1949 चा नर्सिंग होम नोंदणी कायदा रोग्याला ठेवून घेणाऱ्या शुश्रूषागृहांसाठी आहे. खाटा नसलेला गल्लीतला दवाखाना त्याच्या कक्षेत येत नाही, आणि तिथल्या औषधांच्या नोंदींची यादी काढायला बाहेरून कोणी येत नाही. हे काम तूर्त रोग्याच्याच अंगावर आहे. म्हणून वाचकांना इतकेच सांगणे, की आपल्या चिठ्ठ्या आणि रक्ताचे अहवाल तारीखवार लावून ठेवावेत, आणि महिनोन्महिने चालू असलेल्या औषधासाठी रक्त तपासावे लागते काय, लागत असेल तर ते शेवटचे केव्हा तपासले, हे आपल्या डॉक्टरांना विचारताना मुळीच भिडस्तपणा करू नये.