‘पानी’ म्हणणारा कान

उच्चार रक्तात असतो, असे मानणारे लोक अजून आहेत. सिरसाळ्याच्या परिसरात शिकवताना मी एकच वाक्य वेगवेगळ्या तोंडांतून ऐकत आलो आहे : ‘या पोरांच्या कानालाच ण कळत नाही.’ ‘या पोरांच्या’ म्हणजे कुणाच्या, हे फोडून सांगावे लागत नाही. पोरगा ‘पानी’ म्हणतो, ‘कोन’ म्हणतो, वर्ग हसतो, आणि त्या हसण्यावर गुरुजींच्या हसण्याचा शिक्का पडतो. मग तो पोरगा वर्गात बोलेनासा होतो. हा प्रश्न भाषेचा आहे तसा मेंदूचाही आहे. मेंदूविषयी आज जे माहीत झाले आहे ते रक्तवाल्यांच्या विरोधात जाते, म्हणून ते आपल्याला माहीत असले पाहिजे.

आवाज म्हणजे हवेतला कंप. तो कानाच्या पडद्यावर आदळतो, आतल्या शंखासारख्या नळीतील केसाळ पेशींना हलवतो, तिथे त्याचा विद्युत्-संदेश होतो आणि तो मज्जातंतूंवाटे कानशिलाच्या आतल्या बाजूस असलेल्या मेंदूच्या भागात पोचतो. इथवर ब्राह्मणाचा कान आणि मांगाचा कान यांत फरक नाही. पुढे मात्र कोणता फरक ‘फरक’ म्हणून धरायचा आणि कोणता सोडून द्यायचा, याचा निवाडा होतो. तो निवाडा अनुभव करतो. मेंदूत सुमारे ८६०० कोटी चेतापेशी आहेत, आणि एकेक पेशी हजारो इतर पेशींशी जोडलेली असते. ज्या पेशी पुन्हा पुन्हा एकाच वेळी जाग्या होतात त्यांचे जोड बळकट होतात, ज्या जोडांना काम मिळत नाही ते क्षीण होतात. कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब यांनी १९४९ साली हा विचार मांडला. रानात गाड्या जात राहिल्या की चाकोरी पडते, जायच्या थांबल्या की तिथे गवत उगवते. तसेच हे.

याचा पुरावा आपल्याच ओळखीच्या अक्षरांवर मिळाला आहे. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या कॅनडातील संशोधकांनी १९८४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. इंग्रजी घरांतल्या तान्ह्या मुलांना त्यांनी हिंदीतले त आणि ट ऐकवले. आवाज बदलला की मूल मान वळवते का, एवढेच पाहायचे होते. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक मुलांनी फरक ओळखला. दहा ते बारा महिन्यांच्या फार थोड्यांना तो ओळखता आला. त्याच वयाची हिंदी घरांतली मुले मात्र तो सहज ओळखत होती. म्हणजे गोऱ्या आईबापाचे मूल आपला ट घेऊनच जगात येते. तो त्याच्या घरात कुणी बोलत नाही म्हणून वर्षभरात सुटतो. उच्चार रक्तात असता तर हे घडलेच नसते.

आता ण कडे या. संस्कृतात शब्द आहे ‘पानीय’. त्यात न आहे. प्राकृतात त्याचा ‘पाणिअ’ झाला आणि मराठीने तो ‘पाणी’ म्हणून घेतला. ज्या ण वरून आपल्या पोराला अडाणी ठरवतात तो ण प्राकृताची, म्हणजे सामान्यांच्या बोलीची देणगी आहे, आणि पोराच्या तोंडचा न संस्कृताला जवळचा आहे! हिंदीत ‘पानी’ हीच प्रमाण भाषा. दिल्लीच्या तोंडी जे शुद्ध ते सिरसाळ्यात गावंढळ कसे होते? ध्वनीत तर काही बदललेले नसते.

कानाचे तेच बोटांचे. १९९५ साली जर्मनीतील संशोधकांनी व्हायोलिनसारखी तंतुवाद्ये वाजवणाऱ्यांचे मेंदू तपासले. तारांवर फिरणाऱ्या डाव्या हाताच्या बोटांना मेंदूच्या स्पर्शाच्या भागात इतरांपेक्षा अधिक जागा मिळालेली दिसली. ज्यांनी लहानपणी सुरुवात केली त्यांच्यात ती वाढ मोठी होती. याला जग कला म्हणते. आमच्या भागातली माणसे दसऱ्यानंतर कोयता घेऊन सातारा-सांगली-कोल्हापूरकडे, कर्नाटकाकडे जातात, पाचट बाजूला सारून ऊस बुडख्याशी तोडतात, अंधारात मोळी बांधतात. त्या हाताच्या ज्ञानाला अंगमेहनत म्हणतात आणि टनावर मोजतात. त्यांच्याबरोबर कोपीवर राहून पाडव्याच्या सुमारास परतलेले पोर कधी कधी कानडी आकडे म्हणून दाखवते. आम्हा गुरुजींना ते येत नाहीत. तरी ‘कान नाही’ असे म्हणायचे ते त्यालाच.

इथे एक धोका आहे. ‘पहिल्या वर्षात कान ठरतो’ हे अर्धे ऐकून उद्या कुणी म्हणेल, गरिबाच्या पोराचा मेंदू घडायचा तो घडून गेला, आता शाळेने काय करायचे? रक्ताच्या जागी मेंदू हा शब्द ठेवला की जुनी जात नव्या कपड्यांत उभी राहते. वस्तुस्थिती तशी नाही. र आणि ल यांत गल्लत करणाऱ्या प्रौढ जपानी माणसांना काही आठवडे सराव दिल्यावर त्यांचा कान सुधारला, हे १९९१ च्या प्रयोगात दिसले. पॅट्रिशिया कूल यांच्या २००३ च्या अभ्यासात नऊ महिन्यांच्या अमेरिकन मुलांशी चिनी बोलणारी माणसे बारा वेळा खेळली, तर त्या मुलांचा चिनी ध्वनींचा कान शाबूत राहिला. तेच बोलणे दूरचित्रवाणीवरून किंवा ध्वनिफितीवरून ऐकलेल्या मुलांना काहीच लाभ झाला नाही. तान्ह्या कानाला समोर माणूस लागतो. हसणारा नव्हे, बोलणारा.

मी प्रमाण उच्चार शिकवतो, कारण मुलाखतीत तोच मागतात. मन-मण, तान-ताण अशा जोड्या रोज दहा मिनिटे तोंडाने म्हणून घेतो. आधी ओळखायला लावतो, मग म्हणायला. ‘पानी’ मात्र चूक म्हणून खोडत नाही. फळ्यावर पानीय, पाणिअ, पाणी, पानी असे चार शब्द शेजारी शेजारी लिहितो आणि कुणाच्या घरी कोणता बोलतात ते विचारतो.