मधुमेह ‘मुळासकट’ बरा?

फेसबुकवर जाहिरात दिसते : ‘मधुमेह मुळासकट बरा! रिपोर्ट पाठवा.’ आपण व्हॉट्सअ‍ॅपवर रिपोर्ट धाडतो. त्यावर नाव, वय, बहुधा फोन नंबर आणि साखरेचे आकडेही असतात. आपले दुखणे असे परक्याच्या हाती पडते. मग ‘डॉक्टरां’चा फोन येतो, आगाऊ पैसे मागितले जातात. पैसे जातातच, शिवाय त्या भरवशावर इन्सुलिन बंद केले तर जिवावर बेतू शकते. मधुमेह बरा करण्याच्या औषधाची जाहिरात १९५४ च्या कायद्याने निषिद्ध आहे, हे ध्यानात ठेवावे. रिपोर्ट आपल्या डॉक्टरांनाच दाखवावा. ओटीपी कोणालाही सांगू नये. फसगत झाल्यास लाज न बाळगता ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावे. चालू औषध मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नये.