अभय आणि क्षमा

खोपोलीजवळच्या उंबरखिंडीत फेब्रुवारी १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी कारतलबखानाच्या मोगल सैन्याची दाट रानात कोंडी केली. रायबागन हिच्या सल्ल्याने खानाने अभय मागितले. महाराजांनी खंडणी घेऊन त्याला जाऊ दिले. हे समर्थाचे अभय. त्यात व्यवहारही होता, आणि त्यात गैर काहीच नाही.

ख्रिस्ती क्षमा मात्र याचनेची वा खंडणीची वाट पाहत नाही. १३ मे १९८१ रोजी गोळ्यांनी घायाळ झालेले पोप जॉन पॉल दुसरे स्वतः दुर्बळ अवस्थेत होते. तरीही चौथ्याच दिवशी रुग्णशय्येवरून त्यांनी मारेकऱ्याला क्षमा केली. २७ डिसेंबर १९८३ रोजी तुरुंगात जाऊन त्याची भेट घेतली. न्यायालयाची शिक्षा टळली नाही. इटलीतील त्याचा कारावास २००० सालापर्यंत चालला.