गाडीने थांबवावे, चहाडी करू नये

आम्ही पुष्कळदा पाहिले आहे. बाजारच्या दिवशी एखादा गाडीवान जरा जास्तच घेतो आणि गाडीत आडवा होतो. कासरा हातातून सुटतो. तरी बैल वाट चुकत नाहीत, धन्याला घरी आणतात. आणि काल धनी कोणत्या अवस्थेत होता, हे ते गावात कुणाला सांगत नाहीत!

मोटारीला ही अक्कल नसते. ड्रायव्हर प्यालेला असला तरी ती पळतच राहते. मग तो तरी मरतो, नाहीतर वाटेने जाणारा बिचारा मरतो. अमेरिकेत मोटारी फार. तिथे 2022 या एका वर्षात दारूच्या नशेतील अपघातांत 13,524 माणसे दगावली. म्हणजे रोज सरासरी 37 माणसे!

यावर उपाय म्हणून अमेरिकेत 2021 साली एक कायदा झाला. ड्रायव्हर नशेत आहे हे नव्या मोटारीने आपणच ओळखावे आणि चालू होऊ नये, असा त्याचा हेतू. नियम करण्याची मुदत नोव्हेंबर 2024 पर्यंत होती. त्या मुदतीत नियम झाला नाही.

मोटार हे ओळखणार कशी? त्याच्या काही रीती आहेत. एक यंत्र ड्रायव्हरच्या श्वासातली दारू मोजते. दुसरे बोटावर उजेड टाकून रक्तातली दारू मोजते. कॅमेरा त्याच्या डोळ्यांवर लक्ष ठेवतो.

यात दोन अडचणी आहेत. पहिली चुकीची. यंत्र हजारात एकदाच चुकले असे धरा. तरी दहा लाख फेऱ्यांत 1,000 वेळा गाडी उगाच अडेल. रात्री आजारी मूल दवाखान्यात न्यायचे असेल, तर काय करायचं?

दुसरी अडचण माहितीची. गाडीने जे पाहिले ते जाणार कुणाकडे? पोलिसांकडे, की विमा कंपनीकडे? ही शंका पोकळ नाही. जनरल मोटर्स ही तिथली मोठी कंपनी. गाडी कुठे गेली, ब्रेक किती जोरात दाबला, ही माहिती तिने ड्रायव्हरची नीट संमती न घेता विकली, असा ठपका तिथल्या सरकारी व्यापार आयोगाने जानेवारी 2025 मध्ये ठेवला. अशा माहितीवरून लोकांच्या विम्याचे हप्ते ठरत होते. पुढे आयोगाने कंपनीला पाच वर्षे अशी माहिती त्या धंद्यातल्या संस्थांना देण्याची मनाई केली.

तिथे 2015 चा एक चांगला कायदाही आहे. अपघाताच्या वेळची नोंद ठेवणारी एक पेटी गाडीत असते. त्या नोंदीवर हक्क गाडीच्या मालकाचा. काही ठरावीक अपवाद सोडले, तर त्याची संमती किंवा कोर्टाचा हुकूम हवा. पण हा कायदा त्या पेटीपुरताच आहे.

कोणी म्हणेल, "ज्याला काही लपवायचं नाही, त्याला भीती कशाची?" आम्ही त्याला विचारतो, "बाबा, तुझ्या घराला दार आहे ना? तू चोर आहेस म्हणून का ते लावतोस?" आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही 2017 साली सांगितले, की माणसाचा खाजगीपणा हा त्याचा मूलभूत हक्क आहे.

पण याचा अर्थ पिणाऱ्याला मोकळे सोडा असा नव्हे. आपल्या कायद्याने 100 मिलीलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त दारू असताना गाडी चालवणे हा गुन्हा आहे. पोलिसांनी रस्त्यावर फुंकायला सांगितले तर फुंकले पाहिजे. तिथे माणसाला समोर कळते, की आपली तपासणी होत आहे. गाडीतले यंत्र मात्र रोज, गुपचूप पाहत राहील.

म्हणून आम्हांला वाटते, गाडीने नशेतल्या माणसाला जरूर थांबवावे. पण जे पाहिले ते गाडीतच राहावे. कोर्टाच्या हुकुमाशिवाय ते सरकारनेही घेऊ नये, कंपनीनेही विकू नये. बैलाला जे साधते, ते मोटारीला शिकवता आले पाहिजे.

आणि तोवर? प्यायलात, तर गाडीची किल्ली दुसऱ्याच्या हाती द्या. त्याला यंत्र लागत नाही.