शोकानंतरची शांती

आज मध्य प्रदेशात असलेले आपले मोहगाव पूर्वी मध्य प्रांतात मोडत असे. १८९६-९७ साली त्या प्रांतावर भीषण दुष्काळ कोसळला. तेव्हा निराधार मुलींसाठी पंडिता रमाबाई तिकडे धावून गेल्या आणि अनेकींना त्यांनी आपल्या छत्राखाली घेतले. केडगावचे मुक्तिसदन हे पुढे अशा मुलींचे माहेर झाले.

दुष्काळ म्हणजे काय, हे रमाबाईंनी स्वतः भोगले होते. १८७४ साली दुष्काळातच त्यांचे आईवडील गेले. १८८० साली भाऊ व १८८२ साली पतीही निवर्तले. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परंतु मनाला शांती लगेच लाभली नाही. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मात्र गवसला नव्हता, अशी प्रांजळ कबुली त्यांनी पुढे दिली आहे. सुमारे आठ वर्षांनी, आहोत तशा स्थितीत प्रभूला शरण गेल्यावर, त्यांचे मन निवाले.

१९२१ साली एकुलती एक कन्या मनोरमा गेली. तरीही सोप्या मराठीतील बायबलाचे काम त्यांनी सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. दुःख टळले नाही, पण हातचे काम थांबले नाही. श्रद्धेने लाभणारी शांती ती हीच नव्हे काय?